पहिल्या डबीवरचा हात

१

सकाळी कामावर गेलं की आम्ही बायका आधी डबीवर हात ठेवायचो. चप्पल काढायच्या, केस टोपीत कोंबायचे, आणि हात.

हसू नका. आमची हजेरीच ती होती.

आमचा कारखाना म्हणजे एक लांब खोली, पांढऱ्या भिंती, मध्ये टेबलांची रांग. तिथे आम्ही गारगोटीच्या डब्या करायचो. नखाएवढी गारगोटीची चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते, सेकंदाला लाखो वेळा, आणि त्या थरथरीवर मोठमोठी यंत्रं वेळ धरतात. पण ही चकती मोठी नखरेल! जरा गारवा लागला, थरथर बदलली. जरा उकडलं, पुन्हा बदलली. म्हणून तिला एवढ्याशा भट्टीत बसवायचं. भट्टी कसली, काडेपेटीहून थोडी मोठी पत्र्याची डबी. आत तापायची तार आणि ऊब ओळखणारा एक मणी. मण्याला गार वाटलं की तारेला जास्त वीज मिळते, गरम वाटलं की कमी. हे अखंड चालू. डबी कधी बंद म्हणून करायची नाही.

आणि प्रत्येक चकतीची आपली एक ऊब असते बरं का! तापवत न्या, समोरच्या यंत्रावरचा आकडा उतरत जातो, उतरत जातो, मग एका जागी थबकतो आणि उलटा चढायला लागतो. त्या जागेला आम्ही वळण म्हणायचो. एकीचं वळण एक्याऐंशी अंशांवर, दुसरीचं साडेत्र्याऐंशीवर. वळणावर बसलेल्या चकतीला ना थोडा गारवा कळतो, ना थोडी धग. तिथेच भट्टीचा स्क्रू पक्का करायचा. या कामात माझा हात धरणारी कोणी नव्हती. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण आकडा थबकायच्या आधी माझा श्वास थबकायचा!

२

पहिली डबी विकायची नव्हती. ती खिडकीखालच्या कट्ट्यावर बारा वर्षं एका जागी बसलेली. बाकी सगळ्या डब्या तिच्याशी ताडून बघायच्या. तिच्या तारेत किती वीज जाते ते एक पेन कागदाच्या गुंडाळीवर सारखं काढत राहायचं. मण्याला गार वाटलं की पेन वर, गरम वाटलं की खाली.

आता झाकणावर माणसाने तळवा ठेवला तर काय होईल? डबीला बाहेरून ऊब मिळणार, तारेचं काम हलकं होणार, पेन खाली उतरणार. कागदावर एक खळगा!

आमच्या साहेबांनी यातूनच हजेरी काढली. त्यांचं सगळं आयुष्य ताप मोजण्यात गेलेलं, म्हणून आम्ही त्यांना तापसाहेब म्हणायचो. दारावरच्या वहीत कोणीही कोणाच्या नावापुढे खूण करतं, कागदाला मात्र फसवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सकाळी आल्यावर एक हात, संध्याकाळी जाताना एक हात. सकाळच्या हाताने दिवस उघडायचा, संध्याकाळच्या हाताने मिटायचा. प्रत्येकीची खूण वेगळी. मी शंभर मोजेपर्यंत एकच हात ठेवायचे. लांबडी नावाची आमची उंचेली मैत्रीण तीनदा थोडा थोडा ठेवायची. आणि वन्सं दोनदा.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या. हात सोन्याचे, पण वेळेच्या नावाने बोंब. कामाची वेळ आठची, वन्सं उगवणार आठ दहाला. रोज! घड्याळ चुकेल, वन्संचं आठ दहा चुकणार नाही.

मग त्यांची हजेरी लावायचं कोणी? मीच. माझा शंभराचा हात झाला की पन्नास मोजेपर्यंत पुन्हा एक, मग पाच मोजून उचललेला, मग परत पन्नास. कागदावर वन्सं हजर!

“वहिनी,” त्या टोपी घालत म्हणायच्या, “तू आहेस म्हणून मी आहे गं या कारखान्यात.”

“लवकर उठत जा, वन्सं. एक दिवस माझाच हात दुखायला लागेल.”

“दुखू दे. मी दाबून देईन.”

३

त्या दिवशीही मी त्यांचा हात लावला. आठ वाजून तीन मिनिटांनी. दोन खळगे, नीट, एकसारखे.

आठ दहा झाले. वन्सं आल्या नाहीत. आठ वीस. लांबडी म्हणाली, “आज स्वारी आरशासमोरच अडकलेली दिसते.” आम्ही हसलो. दहा वाजता त्यांची शेजारीण धापा टाकत दारात आली.

वन्सं पहाटेच गेल्या होत्या. झोपेतच. हृदय थांबलं, म्हणाली.

मी हातातला स्क्रू तसाच टाकून पळाले. माझ्यामागे लांबडी, तिच्यामागे बाकीच्या. त्या संध्याकाळी डबीवर हात ठेवायला आमच्यातली एकही तिथे नव्हती. तापसाहेबांनी बाकीच्यांची नोंद पेन्सिलीने केली, असं मागाहून कळलं.

वन्संना एकच मुलगी, माझी भाची. बाप तिच्या लहानपणीच गेलेला. तिला मी घरी घेऊन आले. एकोणीस वर्षांची पोर दोन दिवस नुसती माझ्या हाताला धरून बसली होती. त्या सगळ्या गडबडीत मला सकाळच्या त्या दोन खळग्यांची आठवणसुद्धा झाली नाही. झाली असती तरी काय? गेलेल्या बाईची हजेरी लावली, एवढंच ना, असंच म्हणाले असते.

४

आठव्या दिवशी कामावर गेले तर तापसाहेब कट्ट्यापाशी कागद हातात धरून उभे.

“बाई, तुमची नजर द्या जरा इकडे. मण्याची तार ढिली झालीय की काय?”

मी बघितलं. तुम्हाला काय सांगू, अंगावर सर्रकन काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, आतून एक उकळीही फुटली. असली रेघ मी जन्मात पाहिली नव्हती!

रोज सकाळी आठ दहाला पेन हललं होतं. खाली नाही, वर! कागदावरची नऊ घरं वर, थोडं सपाट, मग खाली. मध्ये पाच मोजण्याएवढी जागा. आणि पुन्हा नऊ घरं वर.

दोनदा.

म्हणजे झाकणावर काहीतरी ठेवलं जात होतं आणि ते ऊब देत नव्हतं, ऊब ओढून घेत होतं. रविवारीसुद्धा. दाराला कुलूप, खोलीत चिटपाखरू नाही, आणि आठ दहाला दोन उंचवटे. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? वन्सं, आणि रविवारी कामावर!

पण मी लगेच भुताखेतावर जाणाऱ्यातली नव्हे. म्हटलं, खिडकीची फट असेल. तिला चिकटपट्टी लावली. म्हटलं, झाडणारी ओलं फडकं ठेवत असेल. ती म्हणाली, “मी त्या कट्ट्याला बोट लावत नाही बाई, साहेब खातील मला.” तापसाहेबांनी मणी बदलला, तार बदलली, पेनसुद्धा बदललं. डबीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजल्यापासून आम्ही सगळ्या तिच्याभोवती गोल करून उभ्या. भरपूर ऊन, खिडकीत चिमण्या.

“आठ नऊ,” तापसाहेब म्हणाले.

“मला हसू येतंय,” लांबडी म्हणाली.

“हसू नको, हवा हलते.”

आठ दहा. पेन चढायला लागलं. आमच्या डोळ्यांदेखत! एक, दोन, पाच, नऊ. मी खोकं झटकन उचललं. खाली नुसती डबी. पेन तसंच वर. मग उतरलं. पाच मोजले मी मनात. पुन्हा चढलं.

लांबडी माझा दंड धरून म्हणाली, “अगं, ही तर वन्संची…”

“गप!” मी म्हटलं.

कारण दारातून माझी भाची आत येत होती. आजपासून ती आईच्या खुर्चीवर बसणार होती.

५

पोर आईसारखीच, हाताची चपळ आणि जिभेची तिखट. पहिल्याच दिवशी तिने वळण पकडलं.

“मामी, हे सोपं आहे की! तू उगाच घरी एवढा भाव खातेस.”

“पहिलं सगळ्यांनाच जमतं. दहावं पकडून दाखव, मग बोल.”

डबीवर हात ठेवला तर खळगा केवढा! चार घरं! माझा तीन, लांबडीचा अडीच. तापसाहेब म्हणाले, “ही पोर आहे की शेगडी?” बुधवारचा दिवस होता तो.

गुरुवारी तिचा खळगा साडेतीन. शुक्रवारी तीन. शनिवारी अडीच. मी रोज बघत होते, पण म्हटलं, नवी नवलाई संपली, आता हात नीट दाबत नसेल.

मग ती स्वेटर घालायला लागली. बाकीच्या आम्ही घामाने ओल्या, आणि ही बाह्या बोटांपर्यंत ओढून बसलेली. चिमट्यातून चकत्या पडायला लागल्या.

“मामी, या खुर्चीवर वारा येतो का गं कुठून?”

मी तिची बोटं हातात घेतली. नखांखाली निळसर. दोन्ही हातांनी चोळली, तोंडाची वाफ घातली. ऊब यायची आणि बघता बघता निघून जायची, फुटक्या घागरीत पाणी ओतावं तशी.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नाडी ठीक, रक्त ठीक. “दुःखाने होतं असं,” म्हणाल्या. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मंगळवारी सकाळी तिचा खळगा दीड घर. आणि सहज माझी नजर बाजूच्या उंचवट्यांवर गेली. आठ दहाचे ते दोन उंचवटे. ते नऊ घरांचे राहिले नव्हते. चार झाले होते.

६

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्यावर मी कागदाची गुंडाळी काढली आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवर उलगडली. गुडघ्यांवर बसून मागे मागे सरकत गेले. वाचायला मी पुस्तकावर नाही, त्या कागदावर शिकले. तिथली प्रत्येक रेघ मला माणसासारखी ओळखू येते.

बुधवार : वर नऊ, पोरीचे चार. गुरुवार : वर आठ, पोरीचे साडेतीन. सात, तीन. सहा, अडीच. रविवारी पोर घरी होती. त्या दिवशी उंचवटा सहाचा सहाच राहिला, तसूभर कमी नाही. सोमवारी पाच, दोन. आज चार, दीड.

इकडे कोणीतरी ऊब घेत होतं, तिकडे पोरीची जात होती.

मी बोटांवर मोजलं. उद्या एक. परवा अर्धा. शुक्रवारी शून्य. आणि शनिवारी? शून्याच्या पलीकडे पेन कुठे जातं ते मला आठ दहाच्या रेघेने आधीच दाखवलं होतं. तसा हात जिवंत माणसाचा नसतो.

मी आणखी मागे सरकले. वन्सं गेल्या त्या सोमवारपर्यंत. तिथे सकाळी आठ तीनला दोन खळगे होते. उबदार, नीट, एकसारखे. माझ्या हाताचे. मी संध्याकाळचा कागद बघितला. सपाट. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन उंचवटे, संध्याकाळी आमच्या खळग्यांत वन्संची खूण नाही. तिसऱ्या दिवशी तेच. सगळे दिवस तेच. रोज येणं होतं, जाणं नव्हतंच.

देवा रे! मीच त्यांना कामावर बोलावलं होतं. आणि घरी सोडायची राहिले होते.

“बाई, कागद तुडवू नका,” मागून आवाज आला. तापसाहेब दारात उभे.

मी उठले नाही. बसल्या जागी सांगून टाकलं. “साहेब, वन्सं गेल्या त्या दिवशी त्यांची हजेरी मी लावली. त्या दिवशीच काय, बारा वर्षं लावत होते. काढायचं तर मला काढा.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मला माहीत होतं.”

“काय?”

“तुमचा हात तिच्यापेक्षा अर्धं घर गरम. बारा वर्षं वाचतोय मी. काम दोघींचं उत्तम होतं, मी बोललो नाही.” मग ते जमिनीवरच्या कागदावर वाकले. हा माणूस मण्यावाचून कशावर विश्वास न ठेवणारा. हळूच म्हणाले, “सुट्टी पाचला होते. पेन मी बघतो.”

७

पाच वाजता सगळ्या गेल्या. भाचीला मी लांबडीबरोबर पुढे पाठवलं. खिडकीतून ऊन सरळ डबीच्या झाकणावर पडलेलं, पत्रा लखलखत होता.

साहेब पेनापाशी, मी कट्ट्यापाशी. छाती अशी धडधडत होती, पोरींची लग्नाच्या दिवशी धडधडते तशी. भीती होती, पण नुसती भीती नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदा मी वन्संचा संध्याकाळचा हात लावणार होते. तो त्या नेहमी आपला आपण लावायच्या. जायच्या वेळी त्यांना कधी उशीर नसायचा!

मी तळवा ठेवला.

झाकण एरवी जेमतेम कोमट असतं. त्या दिवशी ते गार होतं. उन्हात असून गार.

“चला, वन्सं,” मी म्हटलं. “सुट्टी झाली. पोरीकडे मी बघते.”

एक, दोन, तीन…

“वर जातंय,” साहेब म्हणाले. “तुमचा हात आहे ना झाकणावर?”

“आहे.”

“मग वर कसं जातंय? चार. पाच. बाई, सात.”

माझी बोटं बधिर झाली, मग मनगट. मी मोजत राहिले. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. हात उचलला.

आता पाच मोजायचे होते.

गार पत्र्यावर गरम हात टेकला की वाफेचा ठसा उमटतो, तुम्ही बघितला असेल. तसा तो झाकणावर उमटला होता. तळवा, चार बोटं, अंगठा. मी एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ठशाची बोटं माझ्याकडे वळलेली होती.

कट्ट्यापलीकडे कोणी उभं राहून हात ठेवावा, तशी. आणि ठसा विरत नव्हता. उन्हात, हळूहळू, करंगळी जराशी उचलली गेली.

“बाई, पाच झाले!” साहेब ओरडले. ते पेनाकडे बघत होते, झाकणाकडे नाही. “ठेवा हात! अर्धवट सोडू नका!”

मी त्या ठशावर तळवा ठेवला. तळव्याला तळवा. आणि दाबला. दाबून देईन, म्हणाल्या होत्या ना त्या? तिकडूनही दाबल्यासारखं झालं. एकदाच.

मग काहीच नाही. गार नाही, गरम नाही. मी मोजत होते म्हणून हात तिथे आहे एवढं मला माहीत होतं.

“उतरतंय,” साहेबांचा आवाज आला. “सहा. तीन. एक.” आणि मग, अगदी हळू, “थांबलं.”

८

दुसऱ्या दिवशी आठ दहाला आम्ही सगळ्या पुन्हा गोल करून उभ्या. पेन सरळ! आठ अकरा, सरळ! आठ पंधरा, दोरी ताणल्यासारखं सरळ! लांबडीने उडीच मारली.

“पोरी, तुझा हात ठेव,” मी म्हटलं.

भाचीने ठेवला. पेन जे उतरलं ते चार घरं! तिने स्वेटर काढून माझ्या अंगावर फेकला, “मामी, उकडतंय!” आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो, तापसाहेबसुद्धा. गाल लाल झाले होते तिचे. मी तिच्या आईला दिलेला शब्द पाळला होता. त्या हसण्यासाठी मी काहीही दिलं असतं.

“आता तू, मामी.”

मी तळवा टेकवला आणि मोजायला लागले. नव्वद. शंभर.

भाची पेनाकडे टक लावून बघत होती. “अगं, ठेव ना हात.”

“ठेवलाय,” मी म्हटलं.

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. खिशातून पेन्सिल काढली आणि त्या सरळ रेघेखाली माझ्या नावाची खूण केली. त्यानंतर मी तिथे अकरा वर्षं काम केलं, आणि अकरा वर्षं ते रोज दोनदा ती खूण करत होते. कागदाला विचाराल तर मी त्या दिवसापासून कामावर आलेच नाही, आणि घरीही गेले नाही.

हाताला तसं काही झालेलं नाही. स्क्रू फिरवते, सुई ओवते, भांडी घासते. गरम तवा उचलते तेव्हा घरचे ओरडतात, तेवढंच. भाचीचा संसार झाला, तिची लेक मला आजी म्हणते. ती माझ्याच मांडीवर वाढली.

गेल्या आठवड्यात तिला ताप होता. दुपारी डोळे मिटून पडली होती, मी उशाशी बसले होते. तिला कपाळावर हात ठेवलेला लागतो, त्याशिवाय झोप येत नाही.

“आजी,” ती डोळे न उघडता म्हणाली, “ठेव ना गं हात.”

माझा हात केव्हाचा तिच्या कपाळावर होता.